मागच्या काचेचा हिशेब

गाडीची पुढची काच फुटली तरी बहुतेक वेळा जागच्या जागी राहते. दगड लागतो तिथे एक चांदणी उमटते, तिच्यातून रेघ निघते आणि दिवसेंदिवस सरकत जाते. मालकाला विचार करायला वेळ मिळतो. मागची काच असा वेळ देत नाही. रिव्हर्स घेताना खांबाचा कोपरा लागला, वादळात फांदी पडली, रात्री कुणी दांडका मारला, की पुऱ्या काचेचे क्षणात बारीक तुकडे होतात. ते मागच्या सीटवर, डिकीत आणि सीटबेल्टच्या खाचांतही जाऊन बसतात. गाडीला मागून मोठे भगदाड पडते. पाऊस असेल तर त्याच दिवशी काहीतरी करावे लागते.

अशा घाईत बहुतेक जण इन्शुरन्स कंपनीला फोन लावतात आणि ‘काच मिळेल का?’ असे विचारतात. पॉलिसी योग्य प्रकारची असेल तर काच मिळते, आणि तिची भरपाई बहुतेक सुट्या भागांपेक्षा अधिक मिळते. पण ती मागावी का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गाडीगणिक बदलते आणि फोन लावण्याआधी ते कागदावर काढता येते. बऱ्याच मालकांना हा हिशेब कुणी समजावून सांगितलेला नसतो आणि त्यात त्यांचे काही हजार रुपये जातात.

आधी काचेबद्दल. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० गाडीच्या सर्व काचा सुरक्षा काचेच्या असाव्यात असे सांगतो आणि पुढची काच लॅमिनेटेडच हवी अशी अट घालतो. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. काच फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तूस याला ही कल्पना सुचली ती १९०३ च्या सुमारास प्रयोगशाळेत खाली पडलेल्या एका चंबूवरून. चंबूच्या आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता, त्यामुळे तो तडकला पण विखुरला नाही. बेनेदिक्तूसने १९०९ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. कापून, भोके पाडून, आकार देऊन झाल्यावर ती सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि जोरदार हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला आत खेचून धरतो. पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण, अशी कायमची ओढाताण त्या काचेत साठून राहते. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. पण एकदा का तडा त्या पोटातल्या ताणापर्यंत पोहोचला, की साठलेली सगळी शक्ती एकदम मोकळी होते आणि काच बोथट कडांच्या तुकड्यांत कोसळते. धारदार पाती न बनणे हाच तिचा सुरक्षितपणा आहे.

इन्शुरन्सच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पुढच्या काचेवरचा लहान टवका राळ भरून दुरुस्त करता येतो. मागच्या टफन्ड काचेला दुरुस्ती नाही, ती बदलावीच लागते. शिवाय हल्ली ती नुसती काचही राहिलेली नाही. तिच्यावर डिफॉगरच्या तारा असतात. त्या प्रत्यक्षात चांदीयुक्त शाईने छापून भाजलेल्या रेघा असतात. काही गाड्यांत रेडिओचा अँटेना त्याच काचेत असतो, कुठे वायपरसाठी भोक असते, कुठे तिसरा ब्रेक लाइट तिला लागून बसवलेला असतो. जुन्या मारुती ८०० ची मागची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे आणि एखादा जाणता मिस्त्री ती दोरीच्या साहाय्याने बसवून देई. आजच्या बहुतेक गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला चिकटवतात. काच महागली, बसवणीही महागली. गाड्यांच्या काही काचा महाराष्ट्रातही बनतात. सेकुरिट कंपनीचा कारखाना चाकणला आहे.

आता पॉलिसी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीची. त्यात स्वतःच्या गाडीची काच येत नाही. काचेसाठी ‘ओन डॅमेज’ भाग लागतो. गॅरेजमध्ये आणि एजंटांच्या तोंडी त्याला ओडी किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात. दोन्ही भाग एकत्र असले की ती पॅकेज पॉलिसी, लोकांच्या भाषेत ‘फुल इन्शुरन्स’.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात अलीकडची गाडी घेतलेले पुष्कळ लोक सापडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ओडी मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून मिळालेल्या कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते आणि मालक निश्चिंत होतो. दुसऱ्या वर्षी ओडीचे नूतनीकरण राहून जाते. रस्त्यावर पोलिसांनी कागद पाहिले तर काही अडत नाही, कारण थर्ड पार्टी चालू असतो. काच फुटते तेव्हा कळते की स्वतःच्या गाडीचा विमा कधीच संपला आहे. त्यामुळे पॉलिसीच्या पहिल्या पानावर ओडीची मुदत आणि थर्ड पार्टीची मुदत अशा दोन स्वतंत्र तारखा असतात, त्या दोन्ही पाहाव्यात. १ सप्टेंबर २०१९ पासून नुसता ओडी विमा वेगळा, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. मुदत संपून गेली असेल तर कंपनी गाडीची पाहणी करून किंवा फोटो मागवून मगच नवी पॉलिसी देते. आधीच फुटलेली काच तिच्यात बसत नाही.

ओडी चालू असेल तर मागची काच फुटण्याची जवळजवळ सगळी नेहमीची कारणे त्यात येतात. अपघात आहेच. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, दंगल, संप, चोरी-घरफोडी आणि कुणी मुद्दाम केलेले नुकसान ही कारणे प्रमाणित पॉलिसीत नावानिशी दिलेली आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भात झालेल्या गारपिटीसारखी आपत्ती असो, की पुण्याच्या उपनगरांत कोयते घेऊन आलेल्या टोळक्याने रात्री रांगेने उभ्या गाड्या फोडण्याचे प्रकार असोत, पॅकेज पॉलिसी असलेल्याला दोन्हींत भरपाई मागता येते. पुण्यात अशा तोडफोडीनंतर पोलिसांत तक्रार होते, पण ज्यांच्याकडे नुसता थर्ड पार्टी आहे त्यांना काच स्वतःच्या खिशातून घालावी लागते. फोडलेल्या काचेतून लॅपटॉप किंवा बॅग चोरीला गेली तर काच विम्यात येते, बॅग येत नाही. पॉलिसी गाडीची असते, गाडीत ठेवलेल्या सामानाची नव्हे.

नाकारले जाण्याची कारणेही ठरलेली आहेत. चालकाकडे वैध परवाना नसणे आणि दारू पिऊन गाडी चालवणे ही दोन सर्वांना ठाऊक असतात. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होते, ते म्हणजे वापर. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने दिली असेल तर पॉलिसीतल्या वापराच्या अटीचा भंग होतो. गोव्यात पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, ते त्या व्यवसायाच्या परवान्याचे चिन्ह आहे. पांढऱ्या पाटीची कुणाची घरची गाडी भाड्याने घेतली आणि तिची काच फुटली, तर ती भरपाई मिळण्याची आशा धरू नये.

मिळते किती, हे पाहताना काचेचा एक मोठा फायदा समोर येतो. सुटा भाग बदलला की कंपनी जुन्याच्या जागी नव्याची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापते. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने ठरवलेले हे दर आजही प्रमाणित पॉलिसीत आहेत. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे ५० टक्क्यांपर्यंत. काचेवर घसारा शून्य. गाडी सात वर्षांची असो वा सात महिन्यांची, काचेची किंमत पूर्ण धरली जाते. म्हणून निव्वळ काचेच्या काळजीने ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, घेण्याची गरज नाही. काचेभोवतीची बीडिंग आणि प्लास्टिकच्या पट्ट्या यांच्यापुरता त्याचा उपयोग होतो. काचेवर स्वतः लावून घेतलेली फिल्म सहसा या हिशेबात धरत नाहीत.

यातून वजा होते ती सक्तीची वजावट. खासगी कारला इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये, त्यावर असेल तर २,००० रुपये मालकाने सोसायचे. हप्ता कमी व्हावा म्हणून कुणी ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तिची भर पडते. ही वजावट २,५०० पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या टप्प्यांत असते. पाच हजारांची ऐच्छिक वजावट घेतलेल्या छोट्या हॅचबॅकच्या मालकाला मागच्या काचेच्या दाव्यातून हाती फारसे काही लागत नाही.

खरा खर्च मात्र पुढच्या वर्षी येतो. तो म्हणजे नो क्लेम बोनस, एनसीबी. एक वर्ष दावा केला नाही तर ओडीच्या हप्त्यात २० टक्के सूट, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चारांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना ओडीचे दर स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली, पण ही शिडी सर्वत्र तीच राहिली. एक दावा केला की शिडीवरून थेट जमिनीवर, पुढच्या नूतनीकरणाला शून्य. दावा दीड लाखाचा होता की साडेपाच हजारांचा, याने फरक पडत नाही. चूक कुणाची होती यानेही पडत नाही. सिग्नलला उभ्या गाडीला मागून दुसऱ्याने ठोकले आणि भरपाई स्वतःच्या पॉलिसीतून घेतली, तरी बोनस जातो.

पुष्कळ लोक हे नुकसान एका वर्षाचे धरतात आणि तिथेच हिशेब चुकतो. सूट शून्यावर गेली की पुन्हा वर चढायला पाच वर्षे लागतात आणि या सगळ्या काळात दावा न करणाऱ्याच्या तुलनेत जास्त हप्ता भरावा लागतो. एक उदाहरण घेऊ. एखाद्याला सध्या ३५ टक्के सूट आहे आणि सूट धरण्याआधीचा ओडी हप्ता १०,००० रुपये आहे. दावा केला नाही तर पुढची पाच नूतनीकरणे ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सुटीने होतील. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांचा, एकूण १२० टक्के. रुपयांत १२,०००. गाडी जुनी होते तशी तिची विमा-किंमत घटते आणि हप्ताही थोडा उतरतो, दुसरीकडे हप्त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. इकडचे तिकडचे धरून नुकसान दहा हजारांच्या पुढेच राहते.

आता त्याच मालकाचे काचेचे बिल ८,००० रुपये मानू. त्यात काच ६,००० ची, बीडिंग वगैरे ८०० ची, मजुरी १,२०० ची. बीडिंगचे निम्मे जातील, हजाराची वजावट जाईल, हातात ६,६०० येतील. साडेसहा हजारांसाठी दहा हजारांहून अधिक सोडायचे, असा हा व्यवहार होतो. ५० टक्के सूट असणाऱ्याचा तर आणखी तोट्याचा, कारण त्याचे नुकसान एका वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के भरते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गाडीचे पहिलेच वर्ष असेल तर गमावण्यासारखी शिडी अजून चढलेलीच नसते. तेव्हा पाच वर्षांतला एकूण फरक ५० टक्के, म्हणजे त्याच उदाहरणात ५,००० रुपये भरतो आणि दावा करणे परवडते. त्याच पॉलिसी-वर्षात आधी एखादा दावा झालेला असेल तर पुढच्या वर्षीचा बोनस गेलेलाच असतो. दुसऱ्या दाव्याने तो आणखी जात नाही, फक्त वजावट पुन्हा भरावी लागते. मोठ्या एसयूव्हीची अँटेना आणि डिफॉगर असलेली काच महाग असेल, किंवा त्याच धडकेत डिकीचा दरवाजा, बंपर आणि दिवाही गेला असेल, तर दावा करावा हेच उत्तर येते. एका घटनेतले सगळे नुकसान एकाच दाव्यात मागता येते आणि वजावट एकदाच लागते. मात्र चार महिन्यांपूर्वीचा बंपरचा पोचा आजच्या काचेबरोबर चालवून घेण्याचा प्रयत्न करू नये. ती दुसरी घटना, म्हणून दुसरा दावा, आणि गंज व धूळ पाहून सर्व्हेअरला ते ओळखता येते.

या कोंडीवर ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्त्याची पूरक संरक्षणे, विकली जातात. ‘एनसीबी प्रोटेक्ट’ घेतले असेल तर ठरावीक संख्येपर्यंत दावे करूनही सूट टिकते. काही कंपन्या काच, प्लास्टिक आणि रबराच्या भागांसाठी वेगळे संरक्षण देतात, ज्यातल्या दाव्याचा बोनसवर परिणाम होत नाही. ते घेताना एक शब्द शोधून वाचावा. संरक्षण दुरुस्तीपुरते आहे की बदलण्यासाठीही? दुरुस्तीपुरते असेल तर पुढच्या काचेला त्याचा उपयोग होईल, मागच्या काचेला होणार नाही, कारण ती दुरुस्तच होत नाही.

हा पुढच्या-मागच्या काचेचा भेद परदेशातही मालकाच्या खिशाला लागतो. अमेरिकेत काच ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागात येते आणि फ्लोरिडा राज्याच्या कायद्याप्रमाणे तो भाग घेतलेल्याला पुढच्या काचेसाठी वजावट लागत नाही. ती सवलत पुढच्या काचेपुरतीच आहे, मागच्या काचेला नेहमीची वजावट भरावी लागते. केंटकीत मात्र दारे-खिडक्यांच्या काचांनाही सवलत आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या राज्याचा नियम स्वतंत्र पाहावा, शेजारच्या राज्यातल्या ओळखीच्याचा अनुभव लागू पडेलच असे नाही.

दावा करायचे ठरले तर काच झाडून काढण्याआधी फोटो घ्यावेत. गाडीचा नंबर दिसेल असा एक, आतले तुकडे दिसतील असा एक, आणि दगड, फांदी, खांब जे काही कारण असेल त्याचा एक. मग लगेच कंपनीला कळवावे. गाडी गॅरेजला लावून काच बदलून टाकायची आणि नंतर बिल पाठवायचे, हा क्रम उलटा पडतो, कारण पाहणीआधी दुरुस्ती झाली की नुकसानीचा पुरावाच उरत नाही. चोरी, दंगल किंवा मुद्दाम केलेली तोडफोड असेल तर पोलिसांकडे नोंद हवी. गुन्हा दाखल झाला नाही तरी निदान अदखलपात्र नोंदीची प्रत घ्यावी. आरसी, चालकाचा परवाना, पॉलिसी आणि गॅरेजचे एस्टिमेट एवढे कागद लागतात. मोठ्या नुकसानीला विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ यूएम प्रमाणे परवानाधारक सर्व्हेअर लागतो. एका काचेसारख्या लहान दाव्यात कंपनीचा माणूस येतो किंवा व्हिडिओवरच पाहणी होते. कॅशलेस गॅरेज असेल तर मालकाने फक्त वजावट आणि न धरलेल्या रकमा भरायच्या. कळवायला थोडा उशीर झाला, एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्ये कंपन्यांना बजावलेले आहे. ते परिपत्रक अशा वादात उपयोगी पडते. कंपनीच्या तक्रार विभागाने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे फी न भरता जाता येते. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत.

दावा घेऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जायचे आणि ‘क्लेम नाही’ असे लिहून सूट घ्यायची, असा सल्ला देणारेही भेटतात. तो मानू नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते. घोषणा खोटी ठरली तर ओडीचे सगळे फायदे जप्त होऊ शकतात, आणि ते कळते पुढच्या मोठ्या अपघाताच्या वेळी.

काच बसवून झाली की कॅशलेस दाव्यात मालकापुढे सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, म्हणजे काम समाधानकारक झाल्याची पावती, येते. सही करण्याआधी थोडा वेळ गाडीपाशी घालवावा. काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव आणि बीआयएसची खूण कोरलेली असते, ती पाहावी. डिफॉगर चालू करून काच कोमट होते का ते हाताने तपासावे. वायपर, तिसरा ब्रेक लाइट आणि रेडिओ चालवून पाहावेत. डिकी दोन-तीनदा उघडझाप करावी. गोंद सुकायला किती तास लागतील आणि गाडी केव्हा धुवायची हे मिस्त्रीला विचारून घ्यावे. मागच्या सीटचे बेल्ट पूर्ण ओढून पाहावेत, कारण जुन्या काचेचे कण तिथे अडकलेले सापडतात आणि व्हॅक्यूम फिरवणारे नेमकी तीच जागा विसरतात. डिफॉगर चालत नसेल किंवा काच दुसऱ्याच मॉडेलची निघाली, तर सही थांबवून गॅरेजकडून ते लेखी घ्यावे आणि त्याचा फोटो त्याच दिवशी क्लेम नंबरसह कंपनीला पाठवावा.